कार्निव्हलच्या फोटोखालची ओळ : मराठी संपादकांना एक खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे आणि बातम्यांच्या संकेतस्थळांचे संपादक,
आणि विशेष करून परदेशाचं पान लावणारे उपसंपादक

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त मुद्रितशोधक आहे. अठ्ठावीस वर्षं एका दैनिकात रात्रपाळी करून इतरांच्या वेलांट्या सरळ केल्या. त्यामुळे पुढे जी तक्रार करणार आहे, तिच्यात माझाही हात आहे हे आधीच कबूल करतो. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्राझीलहून फोटो यायचा. पिसांचा मुकुट, चमचमत्या टिकल्या, कमीत कमी कपडे. शेवटच्या पानावर तीन कॉलम आणि खाली ओळ : ‘रिओमध्ये कार्निव्हलची धूम, थिरकल्या ललना’. मी ‘धूम’चा ऊ दीर्घ आहे ना ते बघायचो आणि पान सोडायचो. ती बाई कोणत्या पथकाची, ते पथक त्या वर्षी रस्त्यावर कोणती गोष्ट सांगत होतं, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही.

निवृत्तीनंतर पोर्तुगीज शिकलो. घरात बसवत नव्हतं, एवढंच कारण. शिकवणाऱ्या बाई मडगावच्या. कार्निव्हलचा विषय निघाला तसं त्या म्हणाल्या, आमच्याकडे जुनी माणसं ‘इंत्रुज’ म्हणतात. मूळ शब्द ‘एंत्रूदो’. पोर्तुगिजांनी तो जसा गोव्यात आणला तसाच ब्राझीललाही नेला. मेणाच्या पातळ लिंबात सुगंधी पाणी भरायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर फोडायचं, नाहीतर पीठ उधळायचं. फ्रेंच चित्रकार देब्रे याने रिओतलं हे दृश्य १८२३ मध्ये रंगवलंय. एक काळा माणूस एका काळ्या बाईच्या गालाला पीठ फासतोय, मागे पोरगा पिचकारी घेऊन. खाली नाव नसतं तर मी आपली धुळवड समजलो असतो. एकोणिसाव्या शतकात सरकारने हा खेळ पुनःपुन्हा बंद करायला लावला, आणि लोक पुनःपुन्हा खेळत राहिले.

त्यानंतर दरवर्षी मी रिओची मिरवणूक थेट बघतो. तिथे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा. चहाच्या वेळेला पहिलं पथक मैदानात उतरतं. म्हणूनच अलीकडे तुमच्या ओळी मला जास्त टोचू लागल्या. ओलिंदाचे अवाढव्य बाहुले ‘रिओतील’ म्हणून छापलेले मी पाहिलेत. ओलिंदा रिओपासून दोन हजार किलोमीटरच्या आसपास आहे. कोल्हापूरच्या दसऱ्याचा फोटो टाकून खाली ‘कोलकात्यातील दुर्गापूजा’ लिहिलं तर आपल्याकडे केवढा गहजब होईल!

पण चुका दाखवायला हे पत्र लिहीत नाही. ज्या सणाला तुम्ही वर्षातून एक फोटो देता, त्यातलं निम्मं तुमच्याच धंद्यातल्या माणसांनी उभं केलंय, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ते सांगायला बसलो आहे.

सुरुवात रेसिफेपासून करू. ईशान्येकडचं बंदराचं शहर. तिथल्या लष्करी बँडच्या पुढे कापोएरा, म्हणजे लाथा-उड्यांचा तिथला लढाऊ खेळ, खेळणारे दांडगट नाचत जायचे, आणि त्यांच्या उड्या-गिरक्यांमधून एक नाच तयार झाला. हातातली छत्री शोभेची नव्हती. प्रसंगी ती हाणायच्या कामाची होती. आज ती छोटी, रंगीत आणि निरुपद्रवी झाली आहे. या नाचाला आणि त्याच्या संगीताला ‘फ्रेव्हो’ म्हणतात. उकळणे या क्रियापदाचा हा लोकांच्या तोंडातला अपभ्रंश. हा शब्द पहिल्यांदा छापला गेला तो ९ फेब्रुवारी १९०७ ला, ‘जोर्नाल पेकेनो’ नावाच्या तिथल्याच दैनिकात. कुणीतरी मुद्रितशोधकाने तो अशुद्ध म्हणून कापला असता तर? मी कापला असता, याची मला जवळजवळ खात्री आहे. त्या छापील तारखेला रेसिफेत फ्रेव्होचा दिवस पाळतात. २०१२ मध्ये युनेस्कोनेही या नाचाला मानवजातीचा वारसा म्हणून यादीत घेतलं.

आता रिओ. १८८८ ला गुलामगिरी कायद्याने संपली, आणि त्याच्या आगेमागे ईशान्येकडच्या बाहिया प्रांतातून आलेली अनेक काळी कुटुंबं रिओच्या बंदराजवळ आणि ‘प्रासा ओन्झे’ या चौकाच्या आसपास राहू लागली. त्यांच्यात तिया सिआता होत्या. तिया म्हणजे मावशी. पांढऱ्या घेरदार पोशाखात मिठाई विकायच्या, देवदेवस्कीचं बघायच्या, आणि त्यांच्या घरी बैठका भरायच्या. अशा बैठकांतून आकाराला आलेलं एक गाणं दोंगा या वादकाने नोव्हेंबर १९१६ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात स्वतःच्या नावावर ‘सांबा’ म्हणून नोंदवलं. सगळ्यांनी मिळून केलेलं एकट्याच्या नावावर कसं, हा वाद तेव्हापासून चालू आहे. पण १९१७ च्या कार्निव्हलला ते गाणं गाजलं आणि सांबा हे नाव घरोघरी गेलं. पोलिसांना मात्र ते नाव आवडत नव्हतं. भटकेगिरी हा गुन्हा होता आणि हातात वाद्य असणं हा तिचा पुरावा. जुआंव दा बायाना या वादकाची खंजिरी पोलिसांनी हिसकावून घेतली, म्हणून तो एका बड्या सिनेटरच्या घरच्या मेजवानीला वाजवायला गेला नाही. सिनेटरने कारण विचारलं आणि त्याला नवी खंजिरी करून दिली, वर स्वतःचं नाव कोरून. मग कोण हात लावतो! ओळखपत्र म्हणून खंजिरी मिरवणारा हा जगातला बहुधा एकटाच माणूस.

१९२८ मध्ये एस्तासिओ या वस्तीत ‘देइशा फालार’ म्हणजे ‘बोलू देत की’ नावाचं मंडळ निघालं. जवळच शिक्षक तयार करणारी शाळा होती. आम्हीही शिकवतो, सांबा शिकवतो, म्हणून ही ‘सांबाची शाळा’, असं त्या मंडळाच्या संस्थापकांपैकी एक, इज्माएल सिल्व्हा, सांगायचे. हा शब्द पुढे सगळ्यांनाच चिकटला. म्हणून मिरवणुकीतली ही पथकं आजही शाळा म्हणवतात, जरी तिथे फळा-खडू नसतो. त्याच मंडळातल्या बिदे यांनी लोण्याचा मोठा डबा घेऊन त्याच्यावर कातडं ताणलं आणि ‘सुर्दो’ केला. आपल्या ढोलाच्या ठेक्याचं जे काम, तेच याचं : हजारो पावलांना एका तालात धरून ठेवायचं.

आणि आता तुमच्या धंद्याची गोष्ट. १९३२ साल. मारिओ फिल्यो हे क्रीडा पत्रकार ‘मुंदो स्पोर्तिव्हो’ नावाचं खेळांचं वर्तमानपत्र चालवत होते. फुटबॉलचा हंगाम संपलेला. पान भरायला मजकूर नाही. ही अडचण तुमच्यापैकी कुणाला समजावून सांगायची गरज नाही. मग त्यांच्या कचेरीतून कल्पना निघाली, की टेकड्यांवरच्या आणि वस्त्यांमधल्या या सांबा शाळांची स्पर्धाच का लावू नये? रविवारी ७ फेब्रुवारीला प्रासा ओन्झेला ती झाली आणि मांगेइरा जिंकली. मांगेइरा म्हणजे आंब्याचं झाड. भारतातला आंबा पोर्तुगिजांनी समुद्रापार नेला, तिथे त्याच्या नावाची टेकडी झाली आणि टेकडीच्या नावाची शाळा. तिच्या संस्थापकांपैकी एक, गीतकार कार्तोला, यांनी तिला हिरवा आणि गुलाबी रंग दिला. पहिल्या स्पर्धेचं जेतेपद आपल्या आंब्याला मिळालं, हे कोकणातल्या एखाद्या वार्ताहराच्या नजरेतून इतकी वर्षं सुटलं कसं, मला कळत नाही.

पुढच्या वर्षी स्पर्धा ‘ओ ग्लोबो’ या दैनिकाने भरवली. त्याच १९३३ मध्ये ‘आ नोइते’ या सायंदैनिकाच्या लोकांनी कार्निव्हलचा राजा मोमो शहरात आणला. आधी नुसता पुतळा होता, नंतर हाडामांसाचा राजा हवा म्हणून कचेरीतल्याच, घोड्यांच्या शर्यतींवर लिहिणाऱ्या गलेलठ्ठ वार्ताहराला मुकुट घातला. पणजीत दरवर्षी चित्ररथावरून हुकूम सोडणारा किंग मोमो तुम्ही पाहिला असेल. त्याच्या रिओतल्या भाऊबंदाची गादी अशी एका संपादकीय खोलीत तयार झाली.

१९३५ ला नगरपालिकेने स्पर्धा अधिकृत केली. त्या वर्षी एका शाळेचं नाव होतं ‘व्हाय कोमो पोदे’, म्हणजे ‘जमेल तसं चालू दे’. परवाना देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला ते नाव इतक्या मोठ्या शाळेला शोभणारं वाटलं नाही. त्याने रस्त्याच्या नावावरून ‘पोर्तेला’ सुचवलं. सर्वांत जास्त वेळा जिंकलेल्या शाळेचं नाव असं एका फौजदाराच्या टेबलावर ठरलं! तिचे पुढारी पावलो दा पोर्तेला आपल्या लोकांना सांगायचे, पाय आणि मान मोकळी दिसता कामा नये. म्हणजे बूट हवेत आणि टाय हवा. पोलीस ज्यांना भटके म्हणत त्यांनी असं सजून यायचं. कपड्यांचं हे राजकारण लक्षात ठेवा. तुमच्या फोटोत कपडे नसणं एवढीच बातमी असते.

मधली काही दशकं मी भरभर उरकतो. चाळीसच्या दशकात प्रासा ओन्झेवरून भलामोठा हमरस्ता काढला आणि तो चौक जवळजवळ नाहीसा झाला. शाळा जागा शोधत राहिल्या. साठच्या दशकात साल्गेइरो शाळेने पळून गेलेल्या गुलामांच्या पाल्मारेस वसाहतीची गोष्ट रस्त्यावर मांडली, मग शिका दा सिल्व्हा या एकेकाळच्या गुलाम बाईची. तोवर शाळा बहुतेक सरकारी इतिहासातले सेनापती आणि शोध मिरवत होत्या. १९६५ मध्ये इम्पेरिओ सेरानो शाळेच्या गीतकारांत दोना इव्होनी लारा आल्या. स्पर्धेच्या मुख्य गाण्यावर नाव लागलेल्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव घेतात.

याच शाळेची १९६९ ची हकिगत मला मुद्रितशोधक म्हणून फार आवडते. लष्करी राजवट होती, आदल्या डिसेंबरातच नागरी हक्क गुंडाळले होते. शाळेचं गाणं स्वातंत्र्यवीरांवर. त्यातल्या ‘रेव्होलुसांव’ या शब्दावर सेन्सॉरने बोट ठेवलं. तो ‘एव्होलुसांव’ करून गायला लागला. एक अक्षर काढलं, क्रांतीची उत्क्रांती झाली. मराठीत तेवढ्यासाठी अक्षरं वाढवावी लागतात, हे आपल्या सेन्सॉरचं दुर्दैव.

१९८४ ला कायमची जागा मिळाली. वास्तुकार ऑस्कार निमायर यांनी आखलेला सांबाद्रोम, म्हणजे दोन्ही बाजूंना सज्जे असलेला मिरवणुकीचा रस्ता, मार्केस दे सापुकाई रस्त्यावर, सुमारे सातशे मीटर लांब, चार-साडेचार महिन्यांत उभा केलेला. सज्जांच्या खाली वर्षभर मुलांची खरीखुरी शाळा भरावी अशी योजना. पहिल्याच वर्षी मांगेइरा शेवटच्या चौकापर्यंत गेली आणि सगळा लवाजमा घेऊन उलटी फिरली, लोक मागे. मी हे फक्त जुन्या चित्रफितीत पाहिलंय.

आणि याच वर्षी शाळांचा संघ निघाला. इथे एक गोष्ट लपवणार नाही, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा भारावलाय. संघाचा पहिला अध्यक्ष ‘जोगू दो बिशो’चा बडा धनी होता. हा ब्राझीलचा मटका. आकड्यांऐवजी पंचवीस प्राणी. १८९२ मध्ये एका सरदाराने आपल्या प्राणिसंग्रहालयाचा खर्च भागवायला काढलेली सोडत. रतन खत्रीच्या मुंबईत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको. १९९३ मध्ये न्यायाधीश देनिझे फ्रोसार्द यांनी अशा चौदा जणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांतले कित्येक कुठल्या ना कुठल्या सांबा शाळेचे आश्रयदाते. आपल्याकडची मंडळं, वर्गण्या आणि मंडपाच्या कमानीवरचे चेहरे आठवून बघा, मग रिओला नावं ठेवा.

एवढं असूनही त्या रस्त्यावर काय काय घडतं! १९८९ मध्ये बेझा-फ्लोर शाळेचे कर्ते जुआंवझिन्यो त्रिंता यांनी कचऱ्यावर जगणाऱ्यांचा विषय घेतला. उंदीर आणि गिधाडांना बजावलं, माझ्या ‘फंतासिया’ला हात लावू नका. पोर्तुगीजमध्ये फंतासिया म्हणजे सोंगाचा पोशाखही आणि कल्पनेतलं जगही. चित्ररथावर भिकाऱ्याच्या वेशातला ख्रिस्त होता. धर्मपीठ कोर्टात गेलं, मनाई आली. त्यांनी पुतळा काळ्या प्लास्टिकने झाकला आणि त्यावर फलक लावला : ‘मनाई असली तरी आमच्यावर नजर असू दे’. झाकलेला ख्रिस्त उघड्यापेक्षा जास्त दिसला. गुण पहिल्या शाळेइतकेच पडले, पण बरोबरी सोडवताना ते दुसरे आले. त्या वर्षी कोण जिंकलं हे लोकांना थांबून आठवावं लागतं, ही वेगळी गोष्ट.

बाहियाची राजधानी साल्वादोर, तिच्याबद्दल लिहिलं नाही तर गांधीजींबद्दल राहून जाईल. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला. पुढच्या वर्षी साल्वादोरच्या गोदी कामगारांनी कार्निव्हलसाठी एक पथक काढलं, ‘फिल्योस दे गांधी’, गांधींची लेकरं. पांढरे कपडे, डोक्याला टॉवेलचं मुंडासं, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा, आफ्रिकी देवतांचा इजेशा ठेका, लोकांवर अत्तराचा शिडकावा. त्यांच्या नावात गांधींच्या स्पेलिंगला शेवटी ‘आय’ऐवजी ‘वाय’ आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हात लाल पेनाकडे गेला होता. ते मुद्दाम तसं आहे. पथक आजही निघतं, हजारो पुरुष, पांढऱ्या नदीसारखे. इतक्या वर्षांत तुमच्यातल्या कुणीही हा फोटो पहिल्या पानावर घेतलेला मला आठवत नाही. पिसं नाहीत म्हणून?

त्याच शहरात १९७५ च्या कार्निव्हलला ‘इले आयये’ हे फक्त काळ्या लोकांचं पथक पहिल्यांदा उतरलं. इतर पथकांत त्यांना घेत नव्हते. तिथल्या एका मोठ्या दैनिकाने मथळा दिला, वंशवादी पथक, बेसूर स्वर. ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनाच वंशवादी म्हणणारा तो मथळा आज अभ्यासक उदाहरण म्हणून काढून दाखवतात. छापलेलं पुसता येत नाही. वर्तमानपत्रांनी हा सण घडवला असं मी म्हटलं; कुठे कुठे त्यांनी त्याला असा चावाही घेतलाय.

आता तुमच्या फोटोतल्या त्या बाईकडे येतो. ती खोटी नाही. ती बहुधा नर्तिकांच्या ताफ्यातली किंवा वाद्यपथकापुढे नाचणारी राणी असते, आणि तिचा नाच वर्षाच्या तालमीचा असतो. पण तिच्या मागेपुढे अडीच-तीन हजार माणसं चालत असतात. तीनशेच्या घरातलं वाद्यपथक. तिया सिआतांसारख्यांची आठवण म्हणून पांढऱ्या घेरात गिरक्या घेणाऱ्या वयस्क बायांचा ताफा; तो नसेल तर शाळेला चालत नाही. शाळेचा झेंडा घेतलेली बाई आणि तिच्याभोवती फिरणारा पुरुष : हे दोघं सांबा नाचत नाहीत, जुन्या दरबारी नाचाच्या पद्धतीने फिरतात, आणि झेंडा काठीला गुंडाळला गेला की गुण जातात. नऊ बाबींना गुण, तेही दशांशात. वेळ ओलांडली की कपात. शेवटच्या शाळेची खालच्या गटात रवानगी. रणजीच्या धावफलकाला तुम्ही अर्धा कॉलम देता. हे प्रकरण तितकंच कडक आहे.

२०१९ मध्ये मांगेइराने पाठ्यपुस्तकातला इतिहास उलटा करून दाखवला. शेवटी हिरव्या-गुलाबी रंगात राष्ट्रध्वज आला. त्यावर ‘सुव्यवस्था आणि प्रगती’च्या जागी शब्द होते, ‘आदिवासी, काळे आणि गरीब’. आदल्या वर्षी गोळ्या घालून मारलेल्या नगरसेविका मारिएली फ्रांको यांचं नाव गाण्यात होतं. शाळा जिंकली. त्या दिवशी एका मराठी संकेतस्थळावर मी शोधून शोधून पाहिलं. बारा फोटोंची मालिका होती, ‘रिओची हॉट धमाल’. हा ध्वज त्यात नव्हता.

म्हणून माझी मागणी एका ओळीएवढीच आहे. फोटो कोणताही छापा, पिसांचासुद्धा. खाली तीन गोष्टी द्या : शहर कोणतं, शाळा किंवा पथक कोणतं, आणि या वर्षीचा त्यांचा विषय काय. फोटो पाठवणाऱ्या एजन्सीच्या इंग्रजी ओळीत शाळेचं नाव बहुतेक वेळा असतं. भाषांतर करताना आपणच ते गाळतो, कारण ‘ललना’ला जागा लागते.

२०२७ चा कार्निव्हल मंगळवार ९ फेब्रुवारीला आहे. फ्रेव्हो हा शब्द छापला गेला त्याला त्याच दिवशी १२० वर्षं होतील. रविवारच्या पानाला याहून आयतं निमित्त मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, रिओत दुपारी गुण वाचले जातात. एकेक परीक्षक, एकेक दशांश. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, म्हणजे गुरुवारच्या अंकात निकाल बसणार नाही हे मलाही कळतं. शुक्रवारी द्या. मी जागाच असतो, शाळांच्या नावांचे उच्चार अडले तर विचारा. कुठे काना आणि कुठे मात्रा, ते लगेच कळवीन.

आपला,
एक जुना मुद्रितशोधक
दादर, मुंबई